सरकतं दार तीनदा आपटावं लागतं तेव्हा

गेल्या काही महिन्यांत आपल्या केंद्रावर वेगवेगळ्या गावांतून एकाच गोष्टीचे फोन आले. शाळेच्या व्हॅनचं सरकतं दार नीट लागत नाही. कोणी म्हणालं, तीनदा आपटावं लागतं. कोणी म्हणालं, आतून उघडतच नाही. एका मावशींनी सांगितलं की त्यांच्याकडच्या व्हॅनचं दार ड्रायव्हरदादा नायलॉनच्या दोरीनं सीटला बांधून ठेवतात, म्हणजे वाटेत उघडायला नको. हे ऐकल्यावर हा विषय पुढच्या महिन्यावर टाकायचा नाही असं आम्ही ठरवलं. आमच्यातल्या दोघी मिस्त्रींकडे जाऊन बसल्या, दार उतरवताना पाहिलं, आणि जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो आहोत.

मारुती व्हॅन आपल्याकडे १९८४ साली आली. १९८८ मध्ये तिचं नाव ओमनी झालं आणि २०१९ मध्ये ती बनणं बंद झालं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओमनी जुनीच आहे. २०१० पासून तिच्या जोडीला ईको आली, त्यातल्याही पहिल्या गाड्या आता म्हाताऱ्या झाल्या. गावात या गाड्या काय काय करतात ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी शाळेची पोरं, दुपारी बाजाराला गटाचा माल, रात्री-अपरात्री बाळंतपणाची बाई. सरकत्या दारामुळेच हे सगळं जमतं. बोळात गाडी उभी केली तरी दार उघडता येतं, मोठी पोती आणि पिंप आत जातात, आणि पोरं उतरताना दार बाहेर फेकलं जाऊन मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लागत नाही.

पण साध्या दाराला दोन बिजागऱ्या असतात आणि ती जागच्या जागी फिरतात. सरकतं दार मात्र चाकांवर चालतं. ते तीन ठिकाणी धरलेलं असतं. एक वर, छपराच्या कडेला. एक मधे, बाहेरून पाहिलं तर मागच्या पत्र्यावर जी लांब खाच दिसते ती. आणि एक खाली, पाय ठेवतो त्या पायरीपाशी. या खाचांना मिस्त्री रेल म्हणतात, काही जण चॅनल म्हणतात. प्रत्येक रेलमध्ये दाराला जोडलेली छोटी चाकं, म्हणजे रोलर, फिरतात. दाराचं वजन मुख्यतः खालच्या आणि मधल्या रोलरवर असतं. वरचा नुसता तोल सांभाळतो. रेल पुढच्या टोकाला आतल्या बाजूला वळलेली असते, म्हणून बंद होताना दार शेवटच्या वितीत आत ओढलं जातं आणि लॉक लागतं. शोकेसची सरकती काच आठवा. तिच्या खाचेत एक तांदळाचा दाणा अडकला तरी काच तिरपी होते. इथे तर काचेच्या जागी भला जड पत्रा आहे आणि खाच पायाखाली आहे.

म्हणूनच पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं दुखणं म्हणजे खालच्या रेलमध्ये साचलेली घाण. पोरांच्या चपलांचा चिखल, बारीक खडे, शेंगांची टरफलं, बिस्किटाचा चुरा, वेणीचे केस, पोत्यातून सांडलेली ज्वारी. हे सगळं आत जातं, त्यावर ग्रीस असलं की चिकटतं, पावसाळ्यात भिजतं आणि उन्हाळ्यात दगडासारखं वाळतं. मग रोलर फिरायच्या ऐवजी घासत जातो. दार जड होतं. जड झालं म्हणून आपण जोर लावतो. जोर लावला की रोलर लवकर झिजतो, रोलर झिजला की दार खाली बसतं, खाली बसलेलं दार लॉकपाशी जुळत नाही, आणि मग तीनदा आपटावं लागतं. आपटण्यानं लॉक सैल होतं. मिस्त्री आम्हाला म्हणाले की दाराची बहुतेक कामं याच वाटेनं त्यांच्याकडे येतात. सुरुवात चिखलाची, शेवट लॉक बदलण्यात. त्यामुळे दार जड लागायला लागलं की हाताचा जोर वाढवायचा नाही, खाली वाकून रेल बघायची.

रेल साफ करायला गॅरेज लागत नाही. दार पूर्ण उघडा, जुना दात घासायचा ब्रश घ्या आणि कोरड्यानंच खरवडून काढा. कोपऱ्यातलं काढायला उलथन्याचं पातळ टोक किंवा जुनी विणकामाची सुई चालते. मग फडक्याला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून जुनं काळं ग्रीस पुसून घ्या आणि कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसा. सगळं पुसून झाल्यावर अगदी पातळ ग्रीस बोटानं फिरवा, पोळीला तूप लावतो तितकंच. थापायचं नाही, जाड ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल तर अजिबात नको. घरात हाताशी असतं म्हणून बरेच जण तेच ओततात, पण ते काही दिवसांत चिकट होऊन साठवणीच्या तेलाच्या डब्याच्या बुडासारखं बसतं. आणि पाण्याचा पाइप थेट रेलमध्ये सोडू नका. चिखल वाहून जात नाही, तो रोलरच्या बेअरिंगमध्ये शिरतो.

साफ करूनही दार जड असेल, सरकताना करकर किंवा खडखड वाजत असेल, तर रोलर गेलेत असं समजा. ओळखायची एक सोपी रीत आहे. दार अर्धं उघडं ठेवा. खालच्या कडेला हात घालून हळूच वर उचलून बघा. चांगलं दार हलत नाही किंवा केसभर हलतं. बोटभर वरखाली होत असेल तर रोलर झिजलाय किंवा तो ज्या पट्टीवर बसवलेला असतो ती सैल झाली आहे. आणखी एक खूण बघा. दाराच्या कडेला लॉक असतं आणि समोर गाडीच्या खांबावर लोखंडाची जाड कडी असते, तिला लॉक धरतं. त्या कडीवर एकाच बाजूला ताजी चमक असेल, रंग घासून गेलेला असेल, तर दार सरळ येत नाहीये, खालून किंवा वरून घासून जातंय.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. दार खाली बसलं की बऱ्याच ठिकाणी हातोडी घेऊन ती कडी खाली सरकवतात. पाच मिनिटांचं काम, त्या दिवशी दार मस्त लागतं, पैसेही थोडे लागतात. पण दुखणं रोलरचं आहे. रोलर अजून झिजणार, दार अजून खाली येणार, आणि कडी अर्ध्यावरच धरणार. जोपर्यंत रोलर बदलत नाही तोपर्यंत कडीला हात लावू देऊ नका. कडीचं सेटिंग लागलंच तर ते रोलर बदलल्यावर करायचं.

आता लॉकचं. हा भाग नीट ऐका, कारण पोरांचा जीव इथे टांगलेला असतो. बहुतेक गाड्यांमध्ये लॉक दोन टप्प्यांत लागतं. पहिल्या टप्प्याला एक ‘खट्’ आणि दुसऱ्याला आणखी एक. पहिल्या टप्प्यावर दार लागल्यासारखं दिसतं. लांबून बघणाऱ्याला बंदच वाटेल. पण ते फक्त अडकलेलं असतं. खड्ड्यातून गाडी उसळली किंवा आतून पोरं रेलली तर सुटू शकतं. तपासायचं कसं? बाहेर उभं राहून दाराच्या कडेवरून तळहात फिरवा. दाराचा पत्रा आणि शेजारचा पत्रा एका पातळीत लागला पाहिजे. दार बाहेर आल्यासारखं लागलं, तर ते अर्धंच लागलंय. मग दोन्ही हातांनी दार दाबून बघा. दाबल्यावर आत जाऊन आणखी एक आवाज आला तर आधी ते पूर्ण लागलेलं नव्हतंच.

अर्धवट लागलेल्या दाराचं वागणं समजून घेतलं तर धोका कुठे आहे ते कळतं. हे दार मागे सरकून उघडतं. गाडी झटक्यात सुटते किंवा चढ चढते तेव्हा सैल दार मागे राहतं, म्हणजे उघडतं. दाराला टेकून बसलेलं लेकरू तिथेच जातं. आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला की तेच दार पुढे धावतं, म्हणजे धाडकन बंद होतं. कोणाची बोटं तिथे असली तर काय होईल ते सांगायला नको. उतारावर तोंड करून उभ्या केलेल्या गाडीतही हेच होतं. दार पूर्ण उघडल्यावर त्याला मागे धरून ठेवायला एक छोटी खाच किंवा आकडा असतो. तो झिजला की दार उघडं टिकत नाही, आपल्याच वजनानं पुढे येतं. म्हणून मुलं चढता-उतरताना गाडी सपाट जागी उभी राहिली पाहिजे आणि दार मोठ्या माणसानं धरलं पाहिजे. पोरं एकमेकांसाठी दार लावतात, त्यात त्यांना मोठेपणा वाटतो. त्यांना मोठेपणा दुसऱ्या कामात देऊ या.

कधी कधी उलटंही होतं. दार किती आपटलं तरी लागतच नाही, धडकून परत येतं. घाबरू नका, आपटूही नका. दार उघडं असताना लॉकचा आकडा कोणाच्या तरी हातून किंवा दप्तर लागून आधीच बंद झालेला असतो, मग त्याला कडी धरायला तोंडच उरत नाही. बाहेरचं हँडल ओढून धरा आणि लॉक बघा, आकडा उघडेल. मग दार लावा. उघड्या दारात पेचकसानं आकडा हळूच दाबून दोन ‘खट्’ येतात का हेही बघता येतं, पण नंतर हँडल ओढून तो सोडायला विसरायचं नाही. आकडा दाबल्यावर तिथे थांबतच नसेल, लगेच परत येत असेल, तर आत धूळ आणि वाळलेलं ग्रीस बसलंय किंवा आतली स्प्रिंग गेली आहे. साफ करून हलकं तेल सोडून बघतात. तरी थांबलं नाही तर लॉक बदलायचं. या एका गोष्टीला जुगाड नाही.

जुगाड म्हटलं की ती दोरी आठवते. मावशींकडच्या दादांची काळजी खरी होती, ते पोरांवर लक्ष ठेवणारे आहेत हे मावशीही सांगत होत्या. पण बांधलेलं दार वाटेत उघडत नाही, तसंच गरज पडली तेव्हाही उघडत नाही. यातल्या कितीतरी गाड्या गॅसवर चालतात. गाडीनं पेट घेतला, ओढ्यात उतरली, आडवी झाली, तर आतल्या पोरांनी गाठ सोडत बसायचं का? ओढणी, दोरी, तार, सायकलचं ट्यूब, काहीही असो. दार बांधून गाडी चालवायची वेळ आली असेल तर त्या दिवशी ती गाडी पोरांना घेऊन निघता कामा नये. एवढं कडक आम्ही सहसा बोलत नाही.

बांधलेल्या दारासारखाच आणखी एक सापळा आहे आणि तो दिसत नाही. बऱ्याच गाड्यांत दाराच्या कडेला छोटा खटका असतो, चाइल्ड लॉक. तो खाली केला की आतलं हँडल चालत नाही, दार फक्त बाहेरून उघडतं. लहान मुलांसाठी तो चांगलाच आहे. पण जुन्या गाडीत बाहेरचं हँडल तुटलेलं असतं, किंवा हँडलपासून लॉकपर्यंत जाणारी आतली सळई निसटलेली असते. मग आतून चाइल्ड लॉकमुळे बंद आणि बाहेरून हँडलमुळे बंद. त्या बाजूचं दार म्हणजे भिंतच. ड्रायव्हर म्हणतो, दुसऱ्या बाजूनं उतरा ना. रोजच्याला ठीक आहे. पण गाडी त्या दुसऱ्या बाजूवर पडली तर? म्हणून दोन्ही बाजूंची दारं बाहेरून उघडतात का हे आपण स्वतः हात लावून बघायचं. विचारून नाही.

पावसाचं थोडक्यात सांगतो. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत शिरलेलं पाणी त्यातून गळून जावं म्हणून ती ठेवलेली असतात. चिखलानं बुजली की पाणी दारातच राहतं, पत्रा आतून गंजतो. काडीनं मोकळी करायची. रबर कडक होऊन तडकलं असेल तर पाणी आणि धूळ दोन्ही आत येतात, ते बदलायचं. खरी भीती मात्र खालच्या रेलच्या आसपासच्या गंजाची आहे. रेल ज्या पत्र्यावर बसवली आहे तोच कुजला, तर नवे रोलर घालून काही होत नाही, दार अख्खं निखळू शकतं. पायरीच्या पत्र्यावर अंगठ्यानं दाबा. दबला किंवा पापुद्रे निघाले तर रंग मारून झाकू देऊ नका, पत्रा कापून नवा वेल्डिंग करावा लागतो.

आमच्या एका श्रोत्या ताईंचा भाऊ परदेशात आहे, तिकडच्या मोठ्या गाड्यांची दारं बटण दाबलं की आपोआप सरकतात. ताईंनी विचारलं, त्यांना असली दुखणी नसतील ना? असतात, आणि आणखीही असतात. तिथे आपल्या हाताच्या जागी मोटर आहे. ती एका तारेनं दार ओढते. रेल, रोलर, लॉक सगळं आपल्यासारखंच. रेलमध्ये घाण झाली की मोटरला ताण पडतो. काही वर्षांनी तार पिंजते. दाराबरोबर हजारो वेळा वाकून आतल्या विजेच्या वायरी तुटतात. बॅटरी उतरली की दार अर्ध्यावर थांबतं. २०१६ साली टोयोटा कंपनीनं सिएना नावाच्या आठ लाखांहून जास्त व्हॅन दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या, २०११ ते २०१६ या सालांच्या. दाराला अडथळा आला की मोटरवर ताण येऊन फ्यूज उडायचा. तो नेमका लॉक सुटलेल्या स्थितीत असताना उडाला, तर चालत्या गाडीत दार उघडू शकत होतं. आपल्याकडेही २०२० पासून किआ कार्निव्हलसारख्या गाड्यांत अशी दारं आली आहेत आणि जुन्या झाल्या की त्या भाड्यानं फिरताना दिसतील. अशा गाडीत बसलात तर दार आपोआप सरकत असताना त्याला हातानं ओढू-ढकलू नका. दार अडखळत असेल तर बहुतेक गाड्यांत मोटर बंद करायचं बटण असतं, ते दाबून दार हातानं चालवता येतं.

आता गटानं काय करायचं. शाळेच्या व्हॅनचे पैसे दर महिन्याला आपणच देतो ना? मग त्याच दिवशी पाच मिनिटं दार बघायला काय हरकत आहे. दोघी जणींनी जायचं. एकीनं आत बसायचं, एकीनं बाहेर. दोन्ही दारं आतून-बाहेरून उघडायची, पूर्ण उघडून सोडायची आणि टिकतात का बघायची, कडेवरून तळहात फिरवायचा. ड्रायव्हरदादांना आधी सांगून जा, नाहीतर त्यांना वाटेल आपल्यावर संशय घेतला. तेही आपल्याच गावचे असतात आणि डिझेल-गॅस, हप्ता, विमा भागवून हातात फार उरत नाही. एका गटानं सगळ्या पालकांकडून थोडे थोडे जमवून रोलरचा खर्च उचलला आणि महिन्याच्या भाड्यातून हळूहळू वळता केला. आम्हाला ही रीत भांडणापेक्षा बरी वाटली.

ऐकलंच नाही तर मात्र गप्प बसू नका. महाराष्ट्रात शाळेच्या वाहनांसाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत. त्यात शाळेची परिवहन समिती असते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. आपल्या शाळेत ती आहे का, त्यात बाई आहे का, ते विचारा. गाडी आठ वर्षांहून जुनी आणि भाड्याची असेल तर तिचं फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं. ते कागद बघायला मागणं हा उद्धटपणा नाही. घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्यानं पोरं नेत असतील तर असं प्रमाणपत्र दरवर्षी घेतलेलंच नसतं, हेही ध्यानात ठेवा.

आणि चालत्या गाडीत दार उघडलंच तर? दाराकडे झेपावायचं नाही. जवळच्या पोरांना आतल्या बाजूला ओढून धरायचं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायचं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारायचा नाही, हळूहळू कडेला घ्यायची. गाडी पूर्ण थांबल्यावरच कोणी तरी उतरून बाहेरून दार लावायचं.

रोलर आणायला तालुक्याला जाल तेव्हा जुना काढून सोबत न्या. डाव्या आणि उजव्या दाराचे वेगळे असतात, वरचा-मधला-खालचाही वेगळा, आणि ओमनीचा ईकोला बसत नाही. नुसतं ‘व्हॅनचा रोलर द्या’ म्हटलं तर दुसरी फेरी ठरलेली. काम झाल्यावर काढलेला सगळा माल मिस्त्रींकडून मागून घ्या आणि पिशवीत घालून घरी आणा. पुढच्या वेळी ओळखायला तोच कामी येतो.